धुळ्याचे तलाव आणि सायकलीची वाट

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. मालवाहतुकीला लाभलेले हे स्थानमाहात्म्य सायकलस्वाराच्या मात्र मुळावर येते. शहराला पाणी पुरविणारे नकाणे व डेडरगाव हे तलाव फारसे दूर नाहीत. तेथे निर्धास्तपणे सायकलीने जाता यावे, यासाठी कोट्यवधींच्या स्वतंत्र मार्गिकाच हव्यात असे नाही. पांझरेच्या खोऱ्यात शतकानुशतके फड पद्धतीने शेती होत आली. बंधारा, त्याचा पाट, पाटाखालची गावे आणि त्यांना जोडणारे कमी वर्दळीचे रस्ते आयतेच आहेत. बेल्जियमच्या लिम्बुर्ग प्रांतात १९९५ मध्ये असेच आडरस्ते केवळ क्रमांकांच्या पाट्यांनी गुंफण्यात आले. ही युक्ती ह्यूगो बोलेन या खाण अभियंत्याची. पुढे नेदरलँड्सनेही ती उचलली.

अर्थात, खानदेशचे ऊन हे बेल्जियमचे ऊन नव्हे. येथे उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, त्यामुळे हंगाम पावसाळ्याअखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचाच. आणि पाट्या लावण्यापूर्वी महापालिकेने एक गोष्ट ठरवायला हवी: सायकलींमागोमाग सहलीच्या मोटारी तलावाच्या बांधापर्यंत येऊ द्यायच्या की नाहीत? ते पाणी शहर पिते.