कपाळावरची बॅटरी : उजेड किती, यापेक्षा टिकतो किती ते पाहा



आमच्या शेतकी खात्याकडून बेणे, लागण, खोडवा, खते याच गोष्टी आपण ऐकत आला आहात. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण तोही उसाच्या फडातलाच आहे. रात्री भरण्यावर गेलेला माणूस वेळेत वस्तीवर आला नाही, पोर हरवले, विहिरीच्या काठावर कुणाच्या चपला दिसल्या, की सगळा गाव निघतो. माणुसकीत आपला प्रवराकाठ कधी मागे नाही. पण हातात असते काय? मोबाईलचा उजेड! एका हातात मोबाईल, दुसऱ्यात काठी. मग ऊस बाजूला सारायचा कशाने आणि दोर धरायचा कशाने?

म्हणून माझे मत असे, की प्रत्येक गावाने कपाळावर बांधायच्या तीन-चार चांगल्या बॅटऱ्या सामायिक घेऊन ठेवाव्यात. आणि घेताना खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नये.

दोन्ही हात मोकळे असण्याचे मोल काय, ते १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीला दिसले. दरड कोसळली ती रात्री. वाडीला गाडीरस्ता नाही, वरून पाऊस. मदतीला गेलेली माणसे अंधारात चिखलाची चढण पायी चढली. यंत्रे वर नेता येईनात, म्हणून कुदळ-फावड्याने माती उपसावी लागली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ताच राहिले. अशा कामात ज्याचा एक हात बॅटरीत अडकला, तो अर्धाच माणूस कामाला आला म्हणायचे.

आता निवड कशी करायची ते पाहू.

पहिली गोष्ट वेळेची. शोध तासाभरात संपेल याची खात्री नसते, पहाट होते. एका मोठ्या चार्जिंग सेलवर ५०० लुमेनचा उजेड साधारण दोन-अडीच तास चालतो. तोच सेल १०० लुमेनवर दहा तासांच्या घरात जातो. चालायला, बांध ओलांडायला, सरीत पाहायला १०० लुमेन पुष्कळ झाले. मोठा उजेड लांबवर पाहण्यापुरता दोन-चार मिनिटे वापरायचा. म्हणून कमी-जास्त करता येणारी बॅटरीच घ्यावी. खोक्यावर जे तास लिहितात, ते उजेड सुरुवातीच्या दहाव्या हिश्शावर येईपर्यंतचे धरण्याची पद्धत आहे. लांबीचेही तसेच. '१०० मीटर' म्हणजे तितक्या अंतरावर पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड, दिवसासारखा नव्हे.

दुसरी गोष्ट झोताची. उभ्या आडसाली उसात चार हातांपलीकडे दिसत नाही. तिथे लांब झोत काय कामाचा? तो पुढच्याच पानांवर आदळून डोळे दिपवतो. फडात पसरट उजेड हवा. विहिरीच्या तळाशी किंवा नदीच्या पलीकडच्या काठावर पाहायला बारीक लांब झोत हवा. दोन्ही असलेली बॅटरी आपल्या कामाची. थंडीत धुके पडले, की कपाळावरचा झोत धुक्यावरून परतून डोळ्यांत येतो. त्या वेळी हातातली साधी बॅटरी कमरेजवळ धरावी, वाट नीट दिसते.

तिसरी गोष्ट सेलची. बाजारात '९८०० एमएएच' लिहिलेले बोटभर लांबीचे चार्जिंग सेल मिळतात. त्या आकाराच्या, म्हणजे १८६५० जातीच्या, चांगल्या सेलची मजल साडेतीन हजारांच्या आसपास संपते. त्यापुढचा आकडा म्हणजे निव्वळ थाप. ज्या बॅटरीत सेल बदलता येतो तीच घ्यावी आणि एक भरलेला सेल जादा ठेवावा. गावच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या पेन्सिल सेलवर चालणारी एखादी बॅटरीही असावी. वीज गेलेली असताना चार्जर शोभेचाच. मात्र साधे सेल आत घालून महिनोन्‌महिने ठेवू नयेत. ते पाझरतात आणि पत्रे गंजवतात.

बाकीचे थोडक्यात सांगतो. पावसासाठी आयपीएक्स ४ चालेल. पाण्यात पडण्याची भीती असेल तर आयपीएक्स ७ घ्यावी. पट्टा डोक्यावरून जाणारा, हेल्मेटवर बसणारा असावा. दिवा खाली झुकवता यावा, नाही तर समोरच्याचे डोळे जातात. बटण चिखलाच्या हाताने अंधारात दाबता आले पाहिजे. दुकानातच डोळे मिटून दाबून पाहा.

आता सर्वांत महत्त्वाचे. पूर्वी जुन्या विहिरीत उतरण्याआधी जाणती माणसे कंदील खाली सोडत. तो विझला, की कुणी उतरत नसे. आजचा विजेचा दिवा हवा नसली तरी लखलखीत जळतो. तळ स्पष्ट दिसतो आणि माणूस बेधडक उतरतो. ९ एप्रिल २०२४ ला आपल्याच जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातील वाकडीला, शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. एकामागून एक सहा जण उतरले, पाच गेले. कमरेला दोर बांधलेला एकच वाचला. स्लरीच्या खड्ड्यात कंदीलही सोडू नका, तिथला वायू पेट घेतो. अशा जागी उतरायचेच नाही. ११२ ला फोन करून अग्निशमन दलाची वाट पाहायची. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यात सुगावला प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि जवान दगावले. तयारीच्या माणसांवर ही वेळ येते, तर आपण केवळ बॅटरीच्या जोरावर पाण्यात शिरू नये.

बिबट्याचेही तेच. बॅटरीने डोळे चमकलेले दिसतील, पण बॅटरी म्हणजे संरक्षण नव्हे. त्याच्या मागे फडात जाऊ नये. वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर कळवावे. माणूस शोधतानाही एकट्याने न शिरता चौघा-पाचांनी मिळून, बोलत-बोलत जावे.

काही सभासद म्हणतील, हा खर्च कुणी करायचा? विकास सोसायटी, ग्रामपंचायत, तरुण मंडळ, कुणीही पुढे व्हावे. गणपतीच्या रोषणाईतून थोडे वाचवले तरी भागेल. वस्तू एका ठिकाणी, कुलपाची किल्ली दोघांकडे, आणि दर अमावास्येला लावून पाहायची व सेल भरायचे, एवढा नेम ठेवावा. कपाटात मेलेल्या बॅटऱ्या असण्यापेक्षा नसलेल्या बऱ्या. निदान भरवसा तरी राहत नाही. येत्या ग्रामसभेत हा विषय अवश्य घ्यावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते