माशाच्या डोळ्यातून दिसणारा मधुमेह

‘डॉक्टर, मला चांगले दिसते, मग डोळे कशाला तपासायचे?’ सातारा असो की सांगली, सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत मधुमेहाचे रुग्ण हा प्रश्न हमखास विचारतात. त्याचे उत्तर दीड इंचाच्या एका माशाकडे आहे.

झेब्राफिश हा आपल्याच उपखंडातला पट्टेरी मासा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांवरच्या ग्रंथात १८२२ मध्ये त्याची नोंद केली. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचे भाऊबंद या माशात सापडतात. पिल्ले पारदर्शक असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे वाहते रक्त पाहता येते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही या माशावर अभ्यास चालतो.

जर्मनीतील हायडेलबर्गच्या संशोधकांनी स्वादुपिंडाच्या घडणीसाठी लागणारे ‘पीडीएक्स-१’ जनुक या माशात निकामी केले. साखर वाढली आणि अवघ्या सहा दिवसांच्या पिल्लांच्या डोळ्यांतील रक्तवाहिन्या रुंदावल्या, त्यांना नको तितके फाटे फुटले. मेटफॉर्मिन हे आपल्या ओळखीचे औषध दिल्यावर हा बिघाड रोखता आला.

मासा म्हणजे माणूस नव्हे. आपल्यात हेच नुकसान वर्षानुवर्षे, गुपचूप होते. केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशी मरतात, भिंती जाड होतात, तरी गळू लागतात. डोळ्यात नव्या, ठिसूळ वाहिन्या फुटून रक्तस्राव होतो. मूत्रपिंडातून प्रथिने वाहून जातात. पायाच्या नसा बधिर होतात. उसाच्या खोडक्याने पाय कापला तरी कळत नाही. सुरुवातीला यातले काहीच दुखत नाही, हाच खरा धोका.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मधील अहवालानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहाचे निदान होते, तेव्हा तो अनेकदा काही वर्षे जुना असतो. म्हणून निदान होताच आणि पुढे दरवर्षी डोळ्याचा पडदा, लघवीतील अल्ब्युमिन आणि पायांची संवेदना तपासलीच पाहिजे. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे पडदा तपासणे नव्हे. ‘साखर नॉर्मल आली’ म्हणून मनानेच गोळ्या बंद करणे तर घातकच.

गावोगावच्या शिबिरांत बीपी आणि शुगर तपासली जाते, ते चांगलेच. पण पडद्याचा फोटो घेणारा कॅमेराही तिथे पोहोचायला हवा. फोटो तंत्रज्ञ काढू शकतो; जिल्ह्याच्या ठिकाणी बसून नेत्रतज्ज्ञ तो पाहू शकतो. ऊसतोड सोडून शहरात हेलपाटे घालणे ज्यांना परवडत नाही, त्यांची नजर यामुळे वाचेल.

झेब्राफिशच्या डोळ्याचा पडदा खराब झाला तर तो पुन्हा नव्याने तयार होऊ शकतो. माणसाला ती देणगी नाही. आपल्या हाती आहे ती फक्त वेळेवरची तपासणी.