‘कळवतो’ म्हणजे नाही

मुलगी पाहून गेलेली मंडळी ‘कळवतो’ म्हणतात आणि कळवत नाहीत. नव्या धंद्यात भांडवल घालणाऱ्यांची रीत हीच. परळ-दादरच्या चाळींतली आपली मुले आज स्वतःचा उद्योग काढू पाहतात, ही अभिमानाची गोष्ट. पण पैसेवाल्यांची भाषाही त्यांनी ओळखावी.

‘कल्पना छान, पण अजून लवकर आहे’, ‘आधी दुसरा कोणी पैसे घालू दे’, ‘संपर्कात राहू’. तिन्हींचा अर्थ, आज नाही. तोंडावर कोणी तोडत नाही. उद्या धंदा चाललाच तर परत येता यावे, हा हिशेब.

या गोड बोलण्यावर मुलगा सहा महिने थांबतो आणि आईची पुंजी संपते. म्हणून तिथेच विचारावे : किती गिऱ्हाईक, किती विक्री दाखवली तर पैसे घालाल? आकडा सांगितला तर आशा. नाही तर दुसरे दार. अनुसूचित जातींच्या उद्योजकांसाठी केंद्राने २०१५ साली भांडवल निधी सुरू केला, तिथेही चौकशी करावी.

बँकेचे मात्र वेगळे. कर्ज नाकारल्यास कारण लेखी कळवावे, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २००७ पासून सर्व कर्जांना लागू आहे. बंधू-भगिनींनो, ते कारण मागून घ्या.