मामांची पिकअप आणि माझा हिशेब

माधवनगर म्हटले की आपल्याकडे सांगलीजवळचे गाव आठवते. मी म्हणते ते उज्जैनचे. शिंद्यांची राजधानी १८१० साली ग्वाल्हेरला गेली तरी उज्जैनमध्ये मराठी घरे राहिली. त्यांतले एक माझे आजोळ.

मामांची पिकअप चिमणगंज मंडीतून माल वाहते. गेल्या सुटीत तिचे पुढचे शॉकअप गळू लागले, आणि मी वाणिज्य शाखेची म्हणून निवड माझ्याकडे आली. दुकानदाराने तीन जोड्या मांडल्या. एक कंपनीची नवी, पक्क्या बिलाची. दुसरी जुनीच, तेल भरून रंगवलेली, बिलाशिवाय. तिसरी जाडजूड, ‘माल जास्त भरता ना, मग ही कडक घ्या’ म्हणून. मी वहीत तीन आकडे लिहिले आणि सर्वांत लहान आकड्याखाली रेघ ओढली. परिव्ययाच्या पेपरात मला चांगले गुण आहेत!

तीन महिन्यांनी देवास रस्त्यावर मामेभाऊ दादाने ब्रेक मारला, तशी पुढची चाके उड्या मारू लागली आणि गाडी कडेच्या मातीत उतरली. कोणाला लागले नाही. टायर मात्र जागोजागी चघळल्यासारखे झिजलेले निघाले. एका टायरच्या पैशात नवी जोडी आली असती. गंमत म्हणजे याच देवासला गेब्रिएल इंडियाचा शॉकअपचा कारखाना आहे.

आमच्या गावच्या मेस्त्रींना हे सांगितले. त्यांनी आधी कन्नडमध्ये आणि मग मराठीत मला वेड्यात काढले. ओझे पेलतात ते पाटे आणि स्प्रिंगा. त्या दबल्या की उसळतात. ती उसळी मोडणे एवढेच शॉकअपचे काम. आतले तेल बारीक छिद्रांतून दाटून जाते, तापते आणि उसळी विरते. रंगवलेल्या नळीत तेल नवे असेल, सील आणि झडपा जुन्याच. आणि जास्त माल भरतो म्हणून जाड जोडी घेणाऱ्याचे पाटे तेवढेच दबतात.

बिलाशिवाय घेतले की कर वाचतो, हे खरे. मामांसारख्या एका गाडीच्या मालकाला त्या कराची वजावट मिळत नाही, म्हणून कच्चे बिल गोड लागते. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून शॉकअपवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आहे, आणि बिल नसले की वॉरंटी कोणाकडे मागणार? मला वाटते, आम्ही वर्गात दुरुस्तीला नुसता खर्च म्हणायला शिकतो, तिथेच चूक होते. त्या रकान्यात टायर दिसत नाहीत, दादा तर नाहीच. वही धरणाऱ्याने आधी गाडी हाकणाऱ्याला विचारावे.

या खेपेला दादाने निवडले: कंपनीच्या मापाची नवी जोडी, दोन्ही बाजूंना एकदम, बिलासह. जाड जोडी दुकानातच राहिली. माल कमी भरा, असे मामांना सांगायला मात्र अजून कोणी धजावलेले नाही.