गळू चिरायला घाटीत कशाला? पण चाकू कुणाच्या हाती, तेही बघा

लासूर स्टेशन : विळा लागून बोट कापलं, नखुरडं झालं, काट्याचा पू झाला, की माणूस आधी जवळच्या दवाखान्यात जातो. तिथं "घाटीत जा" म्हटलं की दिवस मोडला. रेल्वे नाहीतर काळीपिवळी, सोबतीला एक जण, केसपेपरची रांग. कापूस वेचणीत दोघांची मजुरी बुडाली ती वेगळीच. त्यामुळे टाके, गळू ही किरकोळ कामं जवळच व्हावीत, यात वाद नाही.

वाद आहे तो ती कुणी करावीत याचा. नोव्हेंबर २०२० मध्ये भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेनं आयुर्वेदासाठी ५८ शस्त्रक्रियांची यादी काढली. विरोधात ११ डिसेंबरला आयएमएच्या डॉक्टरांनी ओपीडी बंद ठेवली. पारावर मात्र "आता आयुर्वेदवालेही ऑपरेशन करतात" एवढंच उरलं. खरं तर ती यादी शल्य आणि शालाक्य विषयात पदव्युत्तर शिकलेल्यांसाठी आहे, सरसकट प्रत्येक बीएएमएससाठी नाही. होमिओपॅथीवाल्यांचा सीसीएमपी हा एक वर्षाचा कोर्सही औषधांचा आहे, चाकूचा नाही. तेव्हा पाटीवरची डिग्री अन् नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नये.

पण डिग्री असली म्हणजे झालं, असंही नाही. "चरबीची गाठ आहे" म्हणत काढलेली गाठ तपासणीला न पाठवता बादलीत गेली, तर ती कॅन्सरची होती का, हे कधीच कळत नाही. पेशंटला वाटतं, सुटलो. शुगरवाल्याच्या पायाची जखमही किरकोळ धरू नये. बोटावर सुरू झालेलं पाय कापण्यापर्यंत जातं. अशा वेळी गावातला डॉक्टर "मी हात लावत नाही" म्हणाला, तर तो भित्रा नव्हे, शहाणा.

राहिला खर्च. खासगीत ड्रेसिंगसकट पैसे खिशातून जातात. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. घाटी वैद्यकीय शिक्षण विभागाकडं, म्हणून त्या निर्णयाबाहेर. म्हणजे फुकटची जागा प्राथमिक आरोग्य केंद्र. सपाट भागात साधारण ३० हजार लोकांमागं एक. टाके घालणं, गळू चिरणं हे तिथलंच काम. पुढच्या ग्रामसभेत रस्ता-नालीसोबत एवढं विचारा : केंद्रातलं औजारं निर्जंतुक करायचं मशीन चालू आहे का, अन् संध्याकाळनंतर टाके घालायला तिथं कोण असतं?