थांबण्याची सोय

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर मुलांची एक छोटी अभ्यासिका आहे. निवृत्तीनंतर तिथे संगणकावर हिशेब मांडायला शिकवताना वाटले, रोज तेच ते बोलण्यापेक्षा एकदा चित्रफीत करून इंटरनेटवर ठेवावी. केली, चांगली चाळीस मिनिटांची! अकरावीतली एक मुलगी ती पाहून म्हणाली, "काका, समोर शिकवता तेव्हा तुम्ही थांबता. यात थांबतच नाही."

त्या एका वाक्याने माझी हौस जमिनीवर आणली.

या चुकीला परंपरा आहे, एवढेच माझे समाधान. १९७५-७६ साली 'साइट' प्रयोगातून उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचली. १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे पाठ दूरदर्शनवर दिसू लागले. काम मोठेच होते, पण एका दिशेचे. शंका मनात ठेवूनच प्रेक्षकाने पुढचे पाहायचे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांना खुले झाले, तेव्हा साधे छायाचित्र उतरायलाही बराच वेळ लागे. आज चित्रफीत खिशातल्या फोनवर येते. शंकेची सोय मात्र तिच्याबरोबर आपोआप येत नाही.

ती कशी करावी, हे शिकायला फार लांब जावे लागले नाही. शेजारीच पवईला, आयआयटी मुंबईत, प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प उभा राहिला. पाठ साधारण दहा मिनिटांचा. पडद्याच्या एका बाजूला पाठ, दुसऱ्या बाजूला विद्यार्थ्याचे स्वतःचे काम. थोडे पाहायचे, थांबवायचे, तसेच करून बघायचे. ध्वनिमुद्रणाआधी संहिता दोन रकान्यांत लिहितात: एकात काय दिसेल, दुसऱ्यात काय बोलायचे. मग ती विषयाची गंधवार्ता नसलेल्या नवख्याकडून तपासून घेतात. निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहे, आणि इंटरनेट नसेल तिथेही पाठ पाहता यावेत, ही व्यवस्था आहे.

मी माझी चित्रफीत मोडली आणि तिचे सात तुकडे केले. प्रत्येकाच्या शेवटी एक प्रश्न. उत्तर चुकले, तर जिथे समजले नाही नेमके तिथेच परत नेणारा. पोचवण्याचाही धडा घेतला. चित्रफितीचे काही सेकंदांचे भाग करून प्रत्येक भाग हलक्या-भारी दर्जांत तयार ठेवतात. जोडणी मंदावली की हलका भाग जातो. चित्र थोडे धूसर होते, पण पाठ तुटत नाही.

ही केवळ तंत्राची बाब नाही. २०२० च्या टाळेबंदीत एका खोलीच्या घरात एकाच फोनवर दोन-दोन भावंडे शिकत होती. ज्याच्याकडे शिकवणी लावायला पैसे आहेत, त्याची शंका कोणीतरी सोडवतो. ज्याच्याकडे नाहीत, त्याला चित्रफीतच गुरू. तीही थांबत नसेल, तर त्याने विचारायचे कोणाला?

आमच्या संस्था किती तासांच्या चित्रफिती केल्या, याचे आकडे अभिमानाने सांगतात. यापुढे त्यांना एवढेच विचारावे: मुलाला थांबता येते का, चुकता येते का, आणि चुकल्यावर मागे वळता येते का?

आमच्या अभ्यासिकेतल्या परीक्षकबाईंनी नवे सात तुकडे पाहिले. पाचव्यात अजून एक चूक आहे म्हणाल्या. दुरुस्त करायला बसलो आहे.