पक्षाघाताचें पूर्वरूप

गेल्या मार्गशीर्षांत वाशीम येथील पद्मतीर्थाच्या कांठीं फिरावयास गेलों असतां माझे एक वृद्ध स्नेही बोलतां बोलतां अडखळले. उजव्या हातांतील काठी गळून पडली, मुखांतून शब्द उमटेना. दहाबारा मिनिटांनीं सर्व पूर्ववत् झालें. "मास्तर, पित्तानें घेरी आली असावी, घरीं सांगूं नका," असें ते म्हणाले, आणि मींही मान डोलाविली. तिसऱ्या दिवशीं पहांटे त्यांचें उजवें अंग लुळें पडलें. त्या मौनाचें शल्य मनांतून जात नाहीं, म्हणून हें लिहीत आहें.

आपल्या वैद्यकांत निदान, पूर्वरूप, रूप, उपशय व संप्राप्ति अशीं रोगपरीक्षेचीं पांच साधनें सांगितलीं आहेत. मेंदूकडे जाणारा रक्ताचा ओघ गुठळीमुळें कांहीं काळ खुंटून पुन्हां मोकळा होतो, तेव्हां येणारा हा अल्पजीवी झटका म्हणजे पक्षाघाताचें पूर्वरूपच होय. त्यानंतरचे पहिले दोन दिवस सर्वांत धोक्याचे असतात.

कोणी विचारील, हृदयाची इजा रक्तांतील ट्रोपोनिनवरून कळते, तसा हा धोका रक्तावरून कां कळूं नये? संशोधक तेंच शोधीत आहेत. दाह दर्शविणारीं सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन व इंटरल्यूकिन-६, तसेंच गुठळी विरघळतांना रक्तांत येणारें डी-डायमर, हीं द्रव्यें वाढलेल्या रुग्णांत पुढील झटक्याचा संभव अधिक, असें कांहीं अभ्यासांत दिसलें आहे. परंतु साध्या जंतुसंसर्गानेंही तीं वाढतात. म्हणून केवळ त्यांवर भरंवसा ठेवून 'यास भय आहे, यास नाहीं' असा निवाडा आज करतां येत नाहीं. वय, रक्तदाब, मधुमेह, झटक्याचें स्वरूप व अवधि, आणि मेंदूचें व मानेंतील रक्तवाहिन्यांचें चित्र यांवरच डॉक्टर मुख्यतः विसंबतात.

मात्र त्वरेचा लाभ निःसंशय आहे. ऑक्सफर्ड येथील २००७ सालच्या अभ्यासांत असे झटके व सौम्य पक्षाघात झालेल्यांवर तत्काळ उपचार सुरू केले, तेव्हां ९० दिवसांत पुन्हां पक्षाघात होण्याचें प्रमाण शेंकडा सुमारें १० वरून २ वर आलें. हा रोग शहरांपुरताच आहे असेंही नव्हे. आपल्या विदर्भांतील गडचिरोली जिल्ह्याच्या ८६ खेड्यांत २०११ ते २०१३ या काळांत झालेल्या पाहणींत शंभरांतील सुमारें १४ मृत्यु पक्षाघाताचे आढळले. मृत्यूचें तेंच सर्वांत मोठें कारण होतें.

तेव्हां वाचकहो, घरांतील कोणाचें तोंड वांकडें झालें, हात लुळा पडला किंवा वाणी अडखळली, आणि तें पांच मिनिटांत निवळलें, तरी स्वस्थ बसूं नका. वेळ टिपून ठेवा, १०८ वर दूरध्वनि करा व मेंदूचें चित्र काढण्याची सोय असलेल्या रुग्णालयांत लागलीच न्या. स्वतःच्या बुद्धीनें ॲस्पिरिन देऊं नका. मेंदूंत रक्तस्राव झाला असल्यास तें घातक ठरेल.

माझे स्नेही आतां डाव्या हातानें नमस्कार करितात. अशा वेळीं "घरीं सांगूं नका" म्हणणाऱ्याचें न ऐकणें हाच खरा स्नेह, हें मला उशिरां उमगलें.